एचबीए१सी ६.१ आणि दिवसभर खुर्ची: साखर वाढते कुठून?

प्रश्न: वय ३८, रोज दहा तास संगणकासमोर, रात्रीचं जेवण साडेदहाला. उपाशीपोटी साखर १०४, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ६.१. गोड जवळपास बंद आहे. मग चुकतंय काय?

प्रतिसाद १: एचबीए१सी ५.७ ते ६.४ ही मधुमेहाची पूर्वावस्था. गोड सोडलंत, पण पोहे, साबुदाणा, चहासोबतची बिस्किटं यांचीही शेवटी साखरच होते. खरा घोळ बसण्याचा आहे. जेवणानंतरची बरीचशी साखर स्नायू उचलतात; चालताना तर इन्सुलिनशिवायही ओढून घेतात. म्हणून प्रत्येक जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला. सकाळी तासभर फिरून मग दिवसभर बसलात, तर ते पुरत नाही.

प्रतिसाद २: जेवण आठपर्यंत आणा. ऑफिसमुळे जमत नसेल तर सातला डब्यातली भाकरी-उसळ, घरी आल्यावर फक्त ताक. ताटात आधी कोशिंबीर आणि उसळ, भात शेवटी, एकच वाटी. फळांचा रस नको (‘नैसर्गिक’ म्हणून लोक पेलाभर पितात!), पेरू चावून खा.

प्रतिसाद ३: हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा) बघा, लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसू शकतं. कंबर मोजा: पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंमीच्या वर धोका. २००२ च्या अमेरिकन चाचणीत ७ टक्के वजनघट आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम या उद्दिष्टाने मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन या मधुमेहावरच्या गोळीने ३१. पुन्हा तपासणी तीन महिन्यांनी. एचबीए१सी म्हणजे लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर; या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, आधी फरक नीट दिसणार नाही.