शार्ट्रूज नसेल तर 'फायनल वॉर्ड' करावं का?

रानवेली:
मंडळी, माझं मत स्पष्ट आहे. हिरवी शार्ट्रूज, म्हणजे वनस्पतींची फ्रेंच लिक्युअर (गोड, कडक दारू), नसेल तर फायनल वॉर्ड करूच नये.

माहीत नसलेल्यांसाठी: हे न्यूयॉर्कच्या फिल वॉर्ड या बारटेंडरचं कॉकटेल. डेट्रॉइट अ‍ॅथलेटिक क्लबच्या १९१६ च्या मेन्यूत असलेलं 'लास्ट वर्ड' त्याने घेतलं, जिनच्या जागी राय धान्याची व्हिस्की घातली आणि हिरव्या लाइमच्या जागी पिवळं लेमन. राय, हिरवी शार्ट्रूज, माराश्किनो (चेरीची लिक्युअर), लेमनचा रस, प्रत्येकी २२ मिली. भरपूर बर्फात दहा-बारा सेकंद जोरात शेक करायचं आणि गार ग्लासात गाळायचं.

शार्ट्रूज फ्रान्समधले कार्थुसियन पंथाचे ख्रिस्ती साधू बनवतात. १३० वनस्पती, ५५ टक्के अल्कोहोल. उत्पादन वाढवायचं नाही, प्रार्थना आणि एकांत आधी, असं त्यांनी २०१९ मध्ये ठरवलं. मागणी मात्र वाढतच गेली, म्हणून तुटवडा. मला त्यांचा निर्णय मनापासून पटतो. पण आता लोक हाताला लागेल ते हर्बल लिक्युअर ओततात, ते नाही पटत. राय ५० टक्क्यांची धरली तर शेक करण्याआधी मिश्रणात अल्कोहोल साधारण ३४ टक्के भरतं. ४० टक्क्यांची स्ट्रेगा ही इटालियन हर्बल लिक्युअर घातली की ३० वर येतं. मग बर्फाचं पाणी मिसळतं आणि माराश्किनोचा गोडवा तेवढा उरतो.

बर्फवाला:
असहमत. वॉर्डने स्वतःच दोन वस्तू बदलल्या, मग आपल्यालाच बंदी का? बारटेंडर सॅम रॉसचं, 'लास्ट वर्ड'च्याच धाटणीचं 'पेपर प्लेन' बघा: बर्बन (अमेरिकन व्हिस्की), अपेरोल आणि अमारो नोनिनो या दोन कडसर इटालियन लिक्युअर, लेमन, चारही समान. त्यात आधी अपेरोलहून कडू कंपारी होती, नंतर अपेरोल आली आणि तेच जगभर गेलं.

आणि समान भागांचा हट्ट कशाला? राय ३०, स्ट्रेगा २२, माराश्किनो १५, रस २२. हिशोब करा, ३२ टक्के येतात. स्ट्रेगातही सत्तरेक वनस्पती आहेत, केशर आहे. रायच्या तिखटपणाशी ती छान जमते.

रानवेली:
@बर्फवाला, तुमचं प्रमाण चांगलंच लागेल, त्याबद्दल वाद नाही. पण वॉर्डने बदल केला तेव्हा नावही बदललं. रॉसनेही नवं नाव दिलं. तुम्हीही द्या. पाहुण्यांपुढे फायनल वॉर्ड म्हणून स्ट्रेगा ठेवलीत, तर त्यांना मूळ चव कधी कळणारच नाही.

आंबटशौकीन:
शार्ट्रूजवर एवढी चर्चा, आणि रस कुणाचा घालता ते कुणी बोलत नाही! आपलं कागदी लिंबू म्हणजे लाइम. ते पिळलंत की वॉर्डने केलेला अर्धा बदल तुम्ही परत फिरवलात. व्हिस्कीला लेमन लागतं, व्हिस्की, लेमन आणि साखरेच्या जुन्या 'व्हिस्की सावर'पासून तीच जोडी आहे. लेमनचा आंबटपणा गोल असतो. कागदी लिंबाची तुरट, हिरवी चव रायच्या अंगावर येते. पुण्या-मुंबईत मोठ्या मंडईत पिवळी लेमनं मिळतात, आणा की.

सोलापुरी:
अजिबात नाही. लांबून आलेल्या, साल सुकलेल्या लेमनपेक्षा आज घेतलेलं रसरशीत कागदी लिंबू कधीही सरस. मी २२ ऐवजी १८ मिली घेतो आणि सालीची एक पातळ पट्टी शेकरमध्येच टाकतो. सालीतलं तेल शार्ट्रूजच्या वनस्पतींना उचलून धरतं. फक्त रस आयत्या वेळी पिळा, सकाळी काढून ठेवलेला नको.

जर्सीकर:
इकडे काही दुकानांत माणशी एकच हिरवी बाटली देतात. म्हणून ती जपून ठेवणारे बरेच. माझं म्हणणं, बाटली उघडा. पण एका ग्लासात २२ मिली जाते, म्हणजे ७५० ची बाटली चौतीस ग्लासांत संपते. त्यापेक्षा हिरवी नुसती प्यावी आणि कॉकटेलला पिवळी शार्ट्रूज वापरावी. चालेल ना?

रानवेली:
@जर्सीकर, पिवळी जास्त गोड, मधाळ आणि कमी तिखट असते. राय ३० करा, माराश्किनो १५ वर आणा, लेमन २२ च ठेवा. पेय उत्तम होईल. फायनल वॉर्ड मात्र म्हणू नका.

बर्फवाला:
मी म्हणणार.