रोझ बर्ड यांना मतदारांनी घरी बसवलं, ते योग्य होतं का?

भालदार: कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात सात न्यायमूर्ती. गव्हर्नर नेमतो, तिघांचा आयोग मंजुरी देतो आणि पुढच्या गव्हर्नर निवडणुकीत मतपत्रिकेवर त्या न्यायमूर्तीचं एकट्याचं नाव येतं: ठेवायचं की नाही? समोर उमेदवार नाही. पूर्ण मुदत १२ वर्षं. सरन्यायाधीश रोझ बर्ड १९७८ मध्ये उरलेल्या मुदतीसाठी जेमतेम तरल्या, १९८६ मध्ये मात्र सुमारे दोन तृतीयांश मतं विरोधात पडली. माझ्या मते हे चुकलंच. निकाल लिहिताना मतपेटी दिसायला लागली की न्यायाधीश कसला?

खडाष्टक: कसलं चुकलं? बर्ड आधी सरकारी बचाव वकील, मग गव्हर्नर जेरी ब्राऊन यांच्या मंत्रिमंडळात. एक दिवस न्यायासनावर न बसता १९७७ मध्ये थेट सरन्यायाधीश! नियमात दहा वर्षांची वकिली पुरते, पण आयोगातही २ विरुद्ध १ असंच जमलं. त्यानंतर समोर आलेली प्रत्येक फाशी रद्द करण्याच्या बाजूने मत. साठहून जास्त प्रकरणं, एकही कायम नाही. १९७८ चा फाशीचा कायदा लोकांनी स्वतः मतदानाने केलेला. मग हिशेब लोकांनीच मागायचा ना?

दुसरी_प्रत: साठ आकडा ऐकायला बरा आहे, पण फाशी झाली की अपील आपोआप थेट या न्यायालयात येतं आणि निकालाला सातपैकी चार मतं लागतात. बर्ड एकट्या काय करणार? शिवाय त्या कायद्याचा मसुदाच ढिसाळ. दरोड्यासारख्या गुन्ह्यात माणूस मेला तर फाशीसाठी ठार मारण्याचा हेतू सिद्ध करायचा की नाही, हे त्यात धड स्पष्ट नव्हतं. याच न्यायालयाच्या १९८३ च्या कार्लोस निकालाने हेतू आवश्यक ठरवला. तोवर कित्येक ज्यूरींना तसं सांगितलंच नव्हतं, म्हणून शिक्षा कोसळल्या.

खडाष्टक: आणि १९८७ च्या अँडरसन निकालात तोच कार्लोस मोडीत काढला. दरम्यान बदललं काय, तर न्यायमूर्ती.

दुसरी_प्रत: अर्धंच सांगताय. अँडरसन निकाल न्यायमूर्ती मॉस्क यांनी लिहिला, ते जुनेच, उदारमतवादी, १९८६ च्या मतदानात टिकलेले. कारणही दिलंय: कार्लोस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ज्या एन्मंड निकालावर टेकला होता, त्याचा अर्थ त्याच न्यायालयाने नंतर वेगळा लावला.

खडाष्टक: म्हणजे मॉस्कना ठेवलं, बर्डना काढलं. मतदारांना फरक कळत होता, हे तुम्हीच सिद्ध केलंत.

भालदार: मग न्यायमूर्ती ग्रोडिन का गेले? त्यांनी काही फाशी कायम केल्या होत्या, तरी न्यायमूर्ती रेनोसो यांच्यासह तेही बाहेर. तिन्ही जागा भरल्या गव्हर्नर ड्यूकमेजियन यांनी, ज्यांनी तिघांविरुद्ध प्रचार केला होता आणि आमदार असताना १९७७ चा फाशीचा कायदा आणला होता. समोर उमेदवार नसतो हे खरं, पण जागा रिकामी झाली तर ती कोणाच्या हाती जाणार, हे मतपत्रिकेवर कुठे लिहिलेलं असतं?