बाबा ताटावरून उठले, आई का नाही?

रावपुऱ्याची लेक:
गणपतीत बडोद्याच्या दांडिया बाजारात आत्याकडे जमलो होतो. आतेभावाने सगळ्यांसमोर सांगितलं की त्याचा जोडीदार पुरुष आहे. आई क्षणभर गप्प झाली आणि मग तिने त्याच्या पानात आणखी एक मोदक वाढला. बाबा मात्र उठून गेले. दादाने तर तेव्हापासून त्याचा फोनच उचललेला नाही. बाबा सहा वर्षांचे असताना आजी गेली. ते काकांकडे वाढले, तिथे रडलं की 'बायकी' म्हणायचे. मी मानसशास्त्रात एम.ए. करतेय, सध्या अटॅचमेंट, म्हणजे लहानपणी सांभाळणाऱ्या माणसाशी जुळणारा भावनिक बंध, शिकतोय. बाबांच्या रागाचं मूळ तिथे असेल का? की मी उगाच त्यांना पाठीशी घालतेय?

समुपदेशक, अलकापुरी:
असू शकतं, पण आई लहानपणी गेली म्हणजे मन कायमचं असुरक्षितच राहतं असं नाही. काकांकडे कुणी जवळ घेणारं होतं का, यावर बरंच ठरतं. बोल्बी आणि एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांनी मुलांमध्ये पाहिलेले हे बंध हेझन आणि शेव्हर यांनी 1987 मध्ये मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिले. पुढे 2001 मध्ये मिकुलिन्सर आणि शेव्हर यांच्या प्रयोगांत दिसलं, की माणसाला आधाराची, मायेची नुसती आठवण करून दिली तरी परक्या गटाबद्दलचा आकस कमी होतो.

पण दादाचं काय? त्याची आई तर समोर मोदक वाढत होती! इथे पुरुषपणाचा प्रश्न येतो. मानसशास्त्रज्ञ हेरेक यांच्या अभ्यासांत समलैंगिकतेला पुरुषांचा विरोध बायकांपेक्षा जास्त दिसतो, आणि तो विशेषतः समलैंगिक पुरुषांबद्दल. आपल्याकडे मुलाला मर्दपणा रोज सिद्ध करावा लागतो, मुलीवर तसं ओझं नसतं.

मांजलपूरकर:
ताई, मी तुमच्या दादासारखाच होतो. हॉस्टेलमध्ये एका मुलाशी बोलणं तोडलं. त्याचा राग नव्हता हो, त्याच्यासोबत दिसलो तर मलाही तसंच समजतील याची धास्ती होती. 6 सप्टेंबर 2018 ला 377 चा निकाल आला, समलैंगिक संबंध गुन्हा राहिले नाहीत, तेव्हा त्याला मेसेज लिहिला आणि पाठवलाच नाही. आजही ते बोचतं. दादाला विचारा, त्याला नेमकी कुणाची भीती वाटते.

रावपुऱ्याची लेक:
काल बाबांना आजीबद्दल विचारलं. म्हणाले, तेराव्यालाही मला रडू दिलं नव्हतं. मग टीव्ही लावून बसले. मी पुढे काही बोलले नाही. दादाशी मात्र रविवारी बोलणार आहे, आणि आतेभाऊ आमच्याकडे जेवायला येईल त्या दिवशी दादाने घरी थांबायचं, हे स्पष्ट सांगणार आहे.