कोळसा स्वस्त, पण धुलाई?
दगडी कोळसा मातीमोल, मग त्यापासूनचे कार्बन डॉट्सही (पेशींचे फोटो काढायला वापरतात ते कार्बनचे चमकणारे अतिसूक्ष्म कण) स्वस्तच पडणार, असं गणित मांडलं जातं; ते कच्च्या मालापुरतं ठीक आहे. २०१३ मध्ये राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने कोळसा सल्फ्युरिक-नायट्रिक आम्लात तापवून ग्राफीन क्वांटम डॉट्स (कार्बन डॉट्सचाच एक प्रकार) काढलेही. वेळ खातं ते पुढचं काम: आम्ल मारायचं, क्षार काढायचे, डायलिसिसच्या पिशवीभोवतीचं (ही पिशवी छोटे रेणू बाहेर सोडते, डॉट्स आत ठेवते) पाणी दिवसचे दिवस बदलत बसायचं. इथे घाई केली की गोची. पिशवीबाहेरच्या पाण्यावर यूव्ही दिवा धरून बघा, बऱ्याचदा तेही चमकतं! ते सुटे चमकणारे रेणू, डॉट्स नव्हेत. दोन्ही पेशीत गेले तर दिसतंय ते नक्की कोणाचं?

त्यात यूव्ही उजेडात पेशीतलं एनएडीएच (पेशीच्या ऊर्जाव्यवहारातला एक रेणू) स्वतःच निळं चमकतं. डॉट्स न घातलेल्या पेशींचा फोटो शेजारी नसेल, तर मी तरी असली चित्रं मनावर घेत नाही.