नेरळ–माथेरान: संपूर्ण प्रवास मिनी ट्रेननेच करायचा आहे

प्रश्न – पायवाट

पुण्याहून चौघे जाणार आहोत, त्यातले दोघे सत्तरीच्या पुढचे. नोव्हेंबरमधला मंगळवार किंवा बुधवार धरला आहे. अमन लॉजवरून (माथेरानच्या अलीकडचं स्टेशन) शटल नको, नेरळपासूनच गाडी हवी. तिकीट कसं मिळवायचं? नाही मिळालं तर काय? कोणत्या बाजूला बसावं? एकाला घाटात गाडी लागते, तेही सांगून ठेवतो.

रूळकरी

महिना बरोबर निवडलात. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळ–अमन लॉज टप्पा बंद असतो. तेव्हा फक्त अमन लॉज–माथेरान शटल चालते.

पुण्याहून सिंहगड एक्सप्रेस कर्जतला थांबते. तिथून मुंबईकडे जाणारी लोकल धरा. भिवपुरी रोडनंतरचं स्टेशन नेरळ. वर जाणाऱ्या गाड्या सकाळीच सुटतात, एक पावणेनऊच्या सुमारास आणि दुसरी साडेदहाच्या आसपास. वेळा बदलतात, म्हणून आदल्या दिवशी मध्य रेल्वेचं वेळापत्रक बघूनच निघा. पहिल्या गाडीचा हट्ट धरू नका. कर्जतची लोकल पाच मिनिटं उशिरा आली तरी सगळं गणित फिसकटतं.

तिकीट नेरळच्या खिडकीवर काढायचं. खिडकी गाडी सुटण्याच्या साधारण पाऊण तास आधी उघडते, पण रांग त्याच्या बरीच आधी लागलेली असते. एकाने रांगेत उभं राहावं, ज्येष्ठांना फलाटावर बसवावं. सुट्टे पैसे जवळ ठेवा. डबे छोटे आणि मोजकेच असल्यामुळे शनिवार-रविवारी रांगेतले बरेच जण तिकिटाविना परततात. तुमचा मंगळवार-बुधवार सुखाचा.

घाटमाथा

तिकीट हुकलंच तर: नेरळ स्टेशनबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाका, तिथे पालिकेचा प्रवेश कर भरायचा, मग काही मिनिटं चालत अमन लॉज स्टेशन आणि तिथून शटल. शटल वीसेक मिनिटांत माथेरानच्या बाजारपेठेतच सोडते. दस्तुरीच्या पुढे खासगी वाहनांना बंदी आहे. शटल भरली असेल तर घोडा किंवा पायी. अंतर अडीच-तीन किलोमीटर. ई-रिक्षा आहेत, पण मोजक्याच. त्यांच्या भरवशावर ज्येष्ठांना नेऊ नका.

खरं तर माझं मत उलटं आहे: वर टॅक्सी आणि शटलने जा, उतरताना पूर्ण गाडी पकडा. परतीच्या गाड्या दुपारी, पावणेतीन आणि चारच्या सुमारास. माथेरानला मुक्काम असेल तर स्टेशन चालण्याच्या अंतरावर असतं, पुण्याहून धावपळ करत पोचायचा ताण नाही. मात्र दुपारी उन्हाची धग असते, आणि सकाळचं दरीतलं धुकं हुकतं.

कोणती बाजू? कोणतीही. रूळ डोंगराला वळसे घालत चढतात, त्यामुळे दरी कधी डाव्या हाताला तर कधी उजव्या. दोन्हीकडच्यांना समान न्याय.

रूळकरी

उतरतानाच्या गाडीबद्दल सहमत, पण एक धोक्याची सूचना: डब्यात शौचालय नसतं आणि प्रवास अडीच तासांच्या वर जातो. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप इथले थांबे छोटे असतात. ज्येष्ठांनी निघण्यापूर्वीच सोय करून घ्यावी.

गाडी लागण्याची भीती कमी. वेग इतका मंद की पोट ढवळत नाही. टॅक्सीचा घाट त्याहून जास्त त्रास देतो. म्हणून त्या एका माणसासाठी तरी वरही गाडीनेच गेलेलं बरं.

पायवाट

एवढी हळू का जाते? आणि २०१६ मध्ये बंद का पडली होती?

लोखंडी चाक

मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. बांधला अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी, पैसा वडील सर आदमजी यांचा. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन फूट (६१० मिमी). सुमारे २१ किलोमीटरमध्ये साडेसातशे मीटर चढायचं, तेही बोगदे टाळून. अख्ख्या मार्गावर ‘वन किस’ हा एकच छोटा बोगदा. म्हणून चढ काही ठिकाणी १:२० (वीस मीटरमागे एक मीटर) आणि वळणांची त्रिज्या साठ फुटांपर्यंत खाली. अशा वळणावर तीन आस (चाकांची जोडी जोडणारे दांडे) ताठ जोडलेलं इंजिन अडकतं. यावर ऑरेनस्टाइन अँड कोपेलच्या जुन्या वाफेच्या इंजिनांत क्लीन-लिंडनर रचना होती. पहिला आणि शेवटचा आस पोकळ नळीत बसवलेला, नळी थोडी सरकते आणि वळते, चाकं रुळाबरोबर फिरतात. आता डिझेल इंजिनं आहेत, पण वळणं तीच, म्हणून वेग ताशी वीस किलोमीटरच्या आत.

अशा वळणावर चाकाची कड बाहेरच्या रुळावर सतत दाबली जाते. रुळाचा सांधा खचून एका चाकावरचा भार हलका झाला, की ते चाक रुळावर चढतं. मे २०१६ मध्ये अमन लॉजजवळ डबे दोनदा घसरले आणि सेवा थांबवली. पुन्हा सुरू करताना डब्यांना एअर ब्रेक आले, दरीच्या कडेला कठडे उभारले. तोवर उतारावर प्रत्येक डब्यात हातब्रेक फिरवायला माणूस असायचा आणि इंजिनाच्या शिट्टीवर सगळे एकदम आवळायचे.

घाटमाथा

जाताना पांढरे बूट घालू नका. वर सगळी जांभ्याची लाल धूळ आहे. आणि स्टेशनवर वडापावची पिशवी हातात उघडी धरू नका, माकडं नेम धरून बसलेली असतात.