सफरचंद सालीसकट की सोलून? सल्ला हवा

धागाकर्ती: घरात एकांना मधुमेह, एकांना बद्धकोष्ठता आणि एक वर्षभराचं बाळ. सफरचंद कोणाला कसं द्यावं? रस काढला तर चालेल का? आणि सालीवरच्या मेणाचं काय?

चोथा_महत्त्वाचा: मोठ्यांसाठी सोलू नका. साधारण 180 ग्रॅमच्या सफरचंदात सालीसकट चार ग्रॅमच्या वर चोथा असतो, त्यातला बराचसा सालीबरोबर कचऱ्यात जातो. बद्धकोष्ठतेला तोच हवा, पण सोबत पाणी भरपूर प्यायला सांगा. रस नकोच. चोथा गाळणीत राहतो आणि साखर पेल्यात उतरते.

मधुमेह असला तरी अख्खं फळ चालतं, साखर हळू चढते. पण एका फळात 25 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, ती दिवसाच्या हिशेबात धरा. "फळच आहे" म्हणून जेवणावर वरून खाल्लं की आकडा वाढणारच.

साल_धुवा: मेण खाण्यायोग्य असतं, कोमट पाण्यात चोळलं की बरंच निघतं. फवारलेल्या कीटकनाशकाचे अंश काढायला एक लिटर पाण्यात 10 ग्रॅम (सपाट दोन चहाचे चमचे) खाण्याचा सोडा घालून 12 ते 15 मिनिटं बुडवा, मग वाहत्या पाण्याखाली धुवा. सालीच्या आत मुरलेलं मात्र याने जात नाही. धुऊन साठवू नका, खायच्या वेळी धुवा.

धागाकर्ती: धन्यवाद! चिरल्यावर तपकिरी पडतं ते लोहामुळेच ना?

चोथा_महत्त्वाचा: नाही हो, हा गैरसमज काही जात नाही! 100 ग्रॅममध्ये लोह जेमतेम 0.1 मिलिग्रॅम. चिरल्यावर पेशी फुटतात, त्यातलं विकर (एन्झाइम) आणि पॉलिफेनॉल नावाची नैसर्गिक द्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडताच रंग बदलतात. फोडींना लिंबाचा रस चोळा, आम्लात ते विकर मंदावतं.

वाफवलेलं_बरं: बाळाला कच्ची फोड अजिबात नको, घशात अडकते. सोलून, बिया काढून, दोन बोटांत सहज चुरडेल इतकं वाफवा. कच्चं द्यायचंच तर बारीक किसून.

मोठ्यांपैकी कोणाला खाल्ल्यावर पोट फुगत असेल तर दोष फ्रुक्टोज (फळातली साखर) आणि सॉर्बिटॉल (साखरेसारखाच गोड घटक) यांचा, तिथे अर्ध्या फळावर थांबा. ॲलर्जीसाठी फेक्सोफेनाडीन चालू असेल तर गोळी पाण्याबरोबरच घ्या, सफरचंदाच्या रसाबरोबर ती नीट शोषली जात नाही.