मगरिबची अजान आणि बीजीएमआयची मॅच: बंदी हवी की वेळ बांधून द्यावी?

खाडीपट्टा: इंडोनेशियातल्या आचे प्रांतात उलेमांनी २०१९ मध्ये पबजी हराम ठरवला; बीजीएमआय ही त्याच मोबाइल गेमची भारतीय आवृत्ती. आपल्याकडेही जुम्म्याच्या बयानात तोच सूर असतो. पण फतव्याने फोन बंद होत नाही. खरी गोम मॅचच्या लांबीत आहे. क्लासिक मॅच अर्ध्या तासापर्यंत चालते, मध्ये थांबवता येत नाही आणि पोरगं उठलं की स्क्वॉडमधले तिघे त्याला शिव्या घालतात. अजान झाल्यावर ‘ऊठ’ म्हटलं की भांडण ठरलेलं. म्हणून असरनंतर (दुपारनंतरची नमाज) खेळू द्या, मगरिबच्या (सूर्यास्तानंतरची नमाज) पाऊण तास आधी शेवटची क्लासिक, उरल्या वेळात फार तर दहा मिनिटांची टीडीएम, म्हणजे दोन टीमची छोटी लढत. इशानंतर (रात्रीची नमाज) फोन अम्मी-अब्बूंच्या खोलीत चार्जिंगला.

तरबियत_आधी: मुंबईत मगरिब नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास, जूनअखेर सव्वासातनंतर. फॅमिली लिंक या गूगलच्या पालकांसाठीच्या अ‍ॅपमधला डाउनटाइम (फोन बंद राहायची ठरवलेली वेळ) घड्याळ बघतो, अजान ऐकत नाही. आणि वेळ मोजून दिल्याने मैसिर, म्हणजे जुगार, हलाल होतो का? यूसी (गेममधलं चलन) विकत घ्यायचे, क्रेट (बंद पेटी) उघडायची, हवी ती स्किन (पात्राचा किंवा बंदुकीचा पेहराव) निघाली तर नशीब. सूरह माइदाच्या ९० व्या आयतीत दारू आणि जुगार एकाच दमात आलेत. बेल्जियममध्ये तर शरियत नाही, तरी तिथल्या नियामकाने २०१८ मध्ये असल्या पेट्या जुगारातच धरल्या.

खाडीपट्टा: क्रेटबद्दल वाद नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा, यूपीआय पिन पोरांसमोर टाकू नका. डाउनटाइम महिन्याला एकदा सरकवला तरी भागतं, मशिदीचं वेळापत्रक भिंतीवर असतंच.

एक_शंका: रमजानचं काय? तरावीहला (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) अब्बू मशिदीत, अम्मी सहेरीच्या तयारीत, पोरं रात्रभर स्क्रीनवर. पहाटेची फजर पढून झोपतात ती थेट दुपारच्या जोहरला उठतात. तिथे तुमचा इशाचा नियम कोण पाळतं?

तरबियत_आधी: म्हणूनच म्हणतो, सवय आधी लावा. हदीसमध्ये नमाज सातव्या वर्षी सांगायची आहे, सख्ती दहाव्या. मधली तीन वर्षं सोबत उभं राहायचं. आपण मात्र दोन वर्षांच्या पोराला घास भरवताना मोबाइल देतो आणि तेराव्या वर्षी हिसकावतो.

नुस्खा_नको: सरसकट ‘व्यसन’ म्हणू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं आणि नुकसान दिसूनही तो चालू राहणं हे तिन्ही लागतं, तेही साधारण बारा महिने. तसं दिसलं तर ताविजाच्या आधी मानसोपचारतज्ज्ञ गाठा. दुआ करायला कोणी अडवलेलं नाही.